उद्याची हवा आदल्या संध्याकाळीच कळते, मग सकाळी मुलांना मैदानावर कोण थांबवणार?

मैदानमास्तर
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका शाळेत पीटी शिकवतो. गेल्या हिवाळ्यात घडलेली एक गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. सकाळी सात-सव्वासातला सातवीच्या मुलींचा आठशे मीटरचा सराव चालू होता. मैदानासमोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी त्या दिवशी दिसत नव्हती. मला वाटलं, धुकं आहे, थंडी पडली. दुसऱ्या फेरीत एक मुलगी मध्येच थांबली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. जवळ गेलो तर श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येत होता आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. तिचा दम्याचा पंप दप्तरात होता आणि दप्तर तिसऱ्या मजल्यावर. मी जिने चढून तो आणेपर्यंत जी तीन-चार मिनिटं गेली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. एक रात्र दवाखान्यात काढून पोरगी सुखरूप घरी आली.

दुपारी एका सहकाऱ्याने मोबाइल दाखवला. त्या दिवसाचा हवेचा अंदाज 'वाईट', आणि तो आदल्या संध्याकाळपासून उपलब्ध होता. मी पाहिला नव्हता, मुख्याध्यापकांना माहीत नव्हता, पालकांच्या ग्रुपवरही कुणी टाकला नव्हता.

तर मला जाणकारांकडून हे समजून घ्यायचंय: हा अंदाज कसा काढतात, त्यावर कितपत विसंबायचं, आणि माझ्यासारख्या माणसाने कोणत्या आकड्याला सराव रद्द करायचा?

वाऱ्याची_वही
रविवार, रात्री ११.१५

सर, वाचून पोटात गलबललं. या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे शहरांच्या हवेचा अंदाज देण्याची सुरुवात 'सफर'ने झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे पाषाणच्या आयआयटीएमने, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत ही यंत्रणा उभी केली. पुढे २०१३ मध्ये पुणे, २०१५ मध्ये मुंबई आणि २०१७ मध्ये अहमदाबाद. डॉ. गुफरान बेग यांनी या कामाचं नेतृत्व केलं. म्हणजे तुम्ही ज्या अंदाजाबद्दल विचारताय तो मराठी मातीतच वाढलेला आहे.

अंदाजाचा पाया म्हणजे 'धूर कुठून किती निघतो' याचा हिशेब, त्याला उत्सर्जन सूची म्हणतात. शहराचे चारशे मीटर बाय चारशे मीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात वाहनं किती, बेकऱ्या किती, चुली किती, कच्चे रस्ते किती, बांधकामं किती ते मांडायचं. त्यासाठी विद्यार्थी अक्षरशः चौकाचौकात उभे राहून गाड्या मोजतात. या सूचीवर हवामानाचं मॉडेल बसवतात: वारा कुठून, किती वेगाने, आर्द्रता किती, जमिनीलगतची हवा किती उंचीपर्यंत ढवळली जाते. मग रसायनशास्त्र येतं, कारण काही सूक्ष्म कण थेट धुरातून येत नाहीत, ते वायूंपासून हवेतच तयार होतात. शेवटी स्थानकांवरची मोजमापं आणि उपग्रहाला दिसणारी धूळ, धूर, आगी घालून मॉडेलची सुरुवातीची स्थिती खऱ्या हवेच्या जवळ आणतात. हे जितकं नीट जमेल तितका पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज भरवशाचा.

ती टाकी का दिसली नाही ते सांगतो. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिला चिकटलेली हवाही थंड होते, आणि वर तुलनेने गरम हवेचा थर राहतो. खालची जड हवा वर जाऊ शकत नाही, पातेल्यावर झाकण बसावं तसं होतं. रात्रभरचा धूर त्या झाकणाखाली साठतो आणि त्यात सकाळच्या वाहनांची भर पडते. मुंबईत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा असतो, तोही पडला तर सगळं जागच्या जागी. ऊन चढलं की झाकण उचललं जातं आणि दुपारी समुद्राचा वारा सुटला की हवा मोकळी होते. हा समुद्रवारा मुंबईला वर्षानुवर्षं वाचवत आलाय. तो उशिरा सुटला किंवा कमजोर पडला की मुंबईची अवस्था दिल्लीसारखी व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे तुमचा सराव नेमका दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी होता.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आपला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक, २०१५ पासूनचा, सूक्ष्म कणांसाठी *चोवीस तासांच्या सरासरीवर* काढतात. समजा वीस तास पीएम २.५ चं, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं, प्रमाण घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम होतं आणि सकाळचे चार तास १६०. सरासरी येते ६०, निर्देशांक १००, श्रेणी 'समाधानकारक', रंग हिरवा. पण मुलं ज्या तासात धावली त्या तासाची हवा दिवसभर राहिली असती तर निर्देशांक ३०० च्या पुढे, 'अतिवाईट' झाला असता. म्हणून नुसता दिवसाचा आकडा पाहू नका. जवळच्या स्थानकाचे तासागणिक आकडे पाहायची सवय लावा.

श्वासनलिका
सोमवार, सकाळी ७.०५

मी छातीरोगतज्ज्ञ आहे. नोव्हेंबर ते जानेवारी माझ्या ओपीडीत बाहेर व्हरांड्यापर्यंत रांग असते.

सर, आकड्याचं उत्तर देते. निर्देशांकाच्या सहा श्रेण्या आहेत: ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट, त्यापुढे गंभीर. 'मध्यम' या शब्दाने लोक निर्धास्त होतात. पण त्या श्रेणीच्या अधिकृत सूचनेतच लिहिलंय की फुफ्फुसाचे आजार, दमा आणि हृदयविकार असलेल्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. आपलं पीएम २.५ चं चोवीस तासांचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली पातळी १५. म्हणून माझ्या दम्याच्या बालरुग्णांसाठी मी 'मध्यम'लाच सावध होते.

पळताना मूल कितीतरी पट जास्त हवा आत घेतं, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी वापरलीच जात नाही. त्यामुळे त्याच मैदानावर बसलेल्या आणि धावणाऱ्या मुलाच्या छातीत जाणारा धूर सारखा नसतो. पीएम २.५ चे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे, ते थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात.

एक कळकळीची विनंती. पंप दप्तरात नको, मुलाच्या खिशात किंवा मैदानावर सरांच्या पिशवीत हवा. प्रत्येक दमेकरी मुलाच्या पालकांकडून डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मागवा: त्रास झाला तर कोणता पंप, किती वेळा, किती वेळाने दवाखाना. आणि पालकांनो, रोज घ्यायचा प्रतिबंधक पंप 'आता बरं आहे' म्हणून दिवाळीत बंद करू नका. दिवाळीनंतर येणाऱ्या निम्म्या पालकांच्या तोंडून मी हेच ऐकते. रुमाल किंवा कापडी मास्क या कणांना पुरेसं अडवत नाही. एन-९५ अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि मुलांच्या मापाचा हवा. तो लावून पळायला मात्र लावू नका.

रोखठोक_बोरिवली
सोमवार, सकाळी ९.३०

मला हे इशारा-इशारा प्रकरण पटत नाही. धूर सोडणारे सोडतात आणि घरात बसायचं पोरांनी? खेळाच्या तासाला आधीच किती मुलं मैदानावर येतात? तेही बंद करायचं? मुळावर घाव घाला. गाड्या, राडारोडा, भट्ट्या, कचरा जाळणं बंद करा. इशारा देऊन जबाबदारी माणसाच्या गळ्यात बांधणं मला मान्य नाही.

करोलबागकर
सोमवार, दुपारी १.२०

रोखठोक, तुमचा राग समजतो, पण दिल्लीत राहून सांगतो की अंदाज हे मुळावर घाव घालायचंही हत्यार आहे. इथे २०१७ पासून 'ग्रॅप' आहे. हवा अमुक श्रेणीला गेली की अमुक बंद, अशी पायरीपायरीने ठरलेली यादी: आधी जनरेटर, मग बांधकामं, मग ट्रक. सुरुवातीला हवा बिघडली की मग हालचाल व्हायची. २०२२ च्या सुधारणेत ठरलं की दुसऱ्या पायरीपासून पुढचे निर्बंध अंदाज पाहून तीन दिवस आधीच लावायचे. २०१८ पासून दिल्लीसाठी जी पूर्वसूचना यंत्रणा आहे, तीही तुमच्या पुण्याच्या आयआयटीएमनेच उभारलेली.

कागदावर हे फार चांगलं आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्देशांक चारशेच्या पार गेल्यावरही चौथी पायरी लगेच लागली नाही, १८ तारखेला लागली, आणि सर्वोच्च न्यायालयाने थेट विचारलं की उशीर का केला. आकडा असतो, अंदाज असतो, तरी सही करणारा हात एक दिवस थांबतो. आम्ही त्या दिवसात खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून बसलो होतो. म्हणून मैदानमास्तर सर, तुमच्या शाळेत सही कोणाची, हे आधी ठरवा.

साइटवरचा_बाळू
सोमवार, संध्या. ७.५०

मी पुण्याबाहेर एका बांधकामावर सुपरवायझर आहे. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात पालिकेने सत्तावीस कलमी नियमावली काढली, उंच इमारतींभोवती ३५ फुटी पत्रे, पाण्याचे फवारे, ट्रक झाकूनच बाहेर. त्याच महिनाअखेर उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून आमच्याकडेही विचारणा वाढली, चांगलंच झालं.

पण कामगाराचं सांगतो. धूळ सर्वांत जास्त कोण खातं? कटिंग करणारा आणि सिमेंटच्या गोण्या फोडणारा. तो साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहतो, त्याला 'घरात थांबा' म्हणून काय उपयोग? एकदा सकाळी साडेआठला ठेकेदाराने सांगितलं, आज खोदकाम आणि कटिंग बंद. नाक्यावरून आलेली बावीस माणसं गेटवरून परत गेली, हजेरी नाही. आदल्या दिवशी चारला सांगितलं असतं तर मी त्यांना आतल्या प्लंबिंगला, पुट्टीच्या ओल्या कामाला लावलं असतं. अंदाज असूनही तो आमच्या गेटपर्यंत वेळेत येत नाही, माझं दुःख हे आहे.

मणिनगरची_मंजू
सोमवार, रात्री ९.१०

बाळूदादा, अगदी हेच आमच्या अहमदाबादेत आधी उन्हाच्या बाबतीत शिकावं लागलं. २०१० च्या मे महिन्यात इथे उष्णतेची भयंकर लाट आली, शेकडो माणसं गेली. त्यातून २०१३ चा उष्णता कृती आराखडा झाला. अंदाज आला की कोणी कोणाला फोन करायचा, ते नावानिशी ठरलेलं. पाणपोया, दवाखान्यांची तयारी, रिक्षावाले, मजूर, सगळ्यांपर्यंत निरोप. नंतर २०१७ मध्ये त्याच धर्तीवर हवेसाठी आराखडा केला, 'सफर'च्या अंदाजावर आधारलेला. पालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि आयआयटीएम एकत्र आले, रस्त्यांवर मोठे फलक लागले.

माझे मिस्टर रोज स्कूटरवरून त्या फलकाखालून जायचे. मी विचारलं, आज काय रंग होता? त्यांना आठवायचं नाही. उन्हाचा इशारा मात्र आमच्या भाजीवालीलाही पाठ, कारण ऊन चटका देतं. हवा चटका देत नाही. त्यामुळे फलकापेक्षा कोणीतरी माणसाने माणसाला सांगणं जास्त चालतं, असं मला इथे बघून वाटतं.

खाडीपलीकडे
मंगळवार, सकाळी ६.१५

सॅन फ्रान्सिस्कोजवळून लिहितोय. इथे जंगलांच्या वणव्यांमुळे २०२० मध्ये आम्हाला सलग तीस दिवस हवेचे इशारे आले. ९ सप्टेंबरला आभाळ नारिंगी झालं, दुपारी दिवे लावावे लागले. पण त्या दिवशी जमिनीलगतची हवा दिसायला होती तेवढी वाईट नव्हती! धूर वर होता आणि खाली समुद्रावरून आलेल्या थंड हवेचा थर. पुढचे दोन-तीन दिवस आभाळ निवळल्यासारखं दिसलं तेव्हा धूर खाली उतरला आणि आकडे चढले. माझ्या शेजारच्या आजी नारिंगी दिवशी घरात बसल्या आणि त्यानंतर फिरायला गेल्या. डोळ्यांवर विसंबू नका, एवढंच सांगायचंय.

इथल्या बऱ्याच शाळा सकाळी हवेच्या रंगाचा झेंडा लावतात. पहिलीतलं पोरही रंग बघून सांगतं, आज मधली सुट्टी वर्गात. आणि एक: इथला निर्देशांक आणि भारताचा वेगळा. पीएम २.५ चं प्रमाण ९० असेल तर भारतात २००, म्हणजे 'मध्यम'च. इथे तेच १६० च्या वर, लाल. मोबाइलवरची काही अॅप मुंबईलाही अमेरिकी मोजपट्टी लावतात. ग्रुपवर दोन वेगळे आकडे आले की लोक म्हणतात, सगळंच खोटं. एकच मोजपट्टी धरा.

वाऱ्याची_वही
मंगळवार, सकाळी १०.००

खाडीपलीकडे यांनी फार मोलाचं सांगितलं. त्यात मी अंदाजाच्या मर्यादेची भर घालतो, कारण सर, तुम्ही 'कितपत विसंबायचं' विचारलं होतं.

हवा बिघडणार की सुधारणार, ही दिशा मॉडेल बऱ्यापैकी पकडतं. अचूक आकडा आणि अचूक गल्ली चुकते. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, दिवसेंदिवस धूर होता, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशी आग उद्या लागणार हे कोणतंही मॉडेल सांगू शकत नाही. म्हणून संध्याकाळच्या अंदाजावर ठरवायचं आणि सकाळी एकदा ताजा आकडा बघून पक्कं करायचं.

चुका दोन प्रकारच्या होतात. इशारा दिला आणि हवा ठीक राहिली, किंवा इशारा दिला नाही आणि हवा बिघडली. पहिली वारंवार झाली की 'लांडगा आला रे आला' होतं. पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. सराव दोन तास पुढे ढकलण्याची किंमत काय, आणि तिसऱ्या मजल्यावर पंप आणायला धावण्याची काय? म्हणून मैदानासाठी तुम्ही खालच्याच आकड्याला सावध व्हा. शहरभराची बांधकामं थांबवायची तर उंबरठा वर लागेल, कारण तिथे बाळूदादांच्या बावीस माणसांची हजेरी आहे. एकच उंबरठा सगळ्यांना लावला की कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. आणि रोखठोक, मुलांचा खेळ बंद करू नका, वेळ हलवा. सकाळी सातचा तास अकरानंतर नेला तर बहुतेक दिवशी हवा पुष्कळ निवळलेली असते.

आशाताई_वॉर्ड
मंगळवार, दुपारी ३.३०

मी आशा म्हणून काम करते, वस्तीत. सगळं वाचलं. माझ्याकडेही हिवाळ्यात हवेचा मेसेज येतो. त्यात लिहिलेलं असतं, 'संवेदनशील गटातील व्यक्तींनी दीर्घकाळ बाह्य श्रम टाळावेत.' हा मी एका घरी वाचून दाखवला. त्या आजींना दमा आहे. त्या म्हणाल्या, आपल्या गटाचा काही विषय नाही ना यात? त्यांना वाटलं बचत गटाबद्दल आहे.

आमच्याकडे पहाटे पाच-साडेपाचला नळ येतो. हंडे भरायला म्हाताऱ्या बायका जातात, आणि थंडी म्हणून नळापाशीच कोणीतरी पुठ्ठे, प्लास्टिक पेटवून शेकत बसतं. मग मी त्या मेसेजचं असं केलं: 'उद्या सकाळी हवा खराब आहे. दम लागणाऱ्या माणसाला नळावर पाठवू नका, दुसऱ्याने पाणी भरा. प्लास्टिक पेटवू नका. छातीत घरघर वाटली तर मला फोन करा.' हे कळतं. दोन घरांत सुना गेल्या पाण्याला. एका घरी कोणीच नव्हतं, तिथे शेजारच्या मुलाने भरलं.

मेसेज संध्याकाळी सातच्या आत यायला हवा. दहाला आला तर माझी घरं झोपलेली असतात.

रोखठोक_बोरिवली
मंगळवार, संध्या. ६.००

आशाताई, तुमच्या पोस्टने मला विचार करायला लावलं. मूळ उपाय व्हायलाच हवेत हे माझं म्हणणं कायम आहे. पण तोवर नळावरच्या आजींना कोणी सांगायचं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं रात्रीचं पान-काटक्या जाळणं आजपासून थांबवतो. त्याला हीटर आणि जाड ब्लँकेट द्यायचं समितीत मांडलंय.

मैदानमास्तर
शुक्रवार, रात्री ८.२५

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवस गप्प होतो, कारण शाळेत बैठका चालल्या होत्या. ठरलं ते सांगतो.

सही माझी. करोलबागकरांचं वाक्य मी बैठकीत तसंच्या तसं मांडलं. मुख्याध्यापकांनी लेखी दिलंय की हवेमुळे सराव हलवायला त्यांची परवानगी घ्यायची गरज नाही, मी नसेन तर पर्यवेक्षक बाईंची सही. रोज संध्याकाळी सहाला अंदाज बघायचा, साडेसहाला पालकांच्या ग्रुपवर निरोप, सकाळी साडेसहाला जवळच्या स्थानकाचा तासाचा आकडा. पीएम २.५ साठच्या वर असेल तर दमेकरी मुलं धावणार नाहीत, नव्वदच्या वर असेल तर कोणीच नाही. तेव्हा पहिला तास गणिताचा आणि पीटी साडेअकराला. गणिताच्या बाईंनी आढेवेढे न घेता हो म्हटलं. त्यांचा स्वतःचा मुलगा पंपावर आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पंपांसाठी मैदानावर लाल पिशवी, प्रत्येक पंपावर नावाची पट्टी. सगळे वर्ग धरून अकरा पंप निघाले. अठरा वर्षांत मला त्यातल्या चारच मुलांचं माहीत होतं. गेटवर रंगाचं कापड बांधायला सोमवारपासून सुरुवात.

आशाताई, हा निरोप तयार केलाय, तुम्ही तपासून द्याल का?

'उद्या सकाळी हवा वाईट श्रेणीत राहण्याची शक्यता. पीटीचा तास साडेअकराला होईल. दमा असलेल्या विद्यार्थ्यांनी पंप सोबत ठेवावा. शक्यतो चालत येताना मुख्य रस्ता टाळावा.'

आशाताई_वॉर्ड
शुक्रवार, रात्री ९.०५

सर, 'श्रेणीत राहण्याची शक्यता' काढा. 'उद्या सकाळी हवा खराब आहे' एवढंच. 'पंप सोबत ठेवावा'च्या जागी 'पंप आत्ताच दप्तराच्या पुढच्या कप्प्यात घाला, शाळेत आल्यावर सरांकडे द्या' असं लिहा, म्हणजे वाचता वाचता आई उठून पंप घालेल. पंप संपत आलाय का तेही बघायला सांगा, आमच्याकडे रिकामाच घेऊन फिरतात. आणि मुख्य रस्ता टाळा म्हणालात तर मागची गल्ली कोणती ते नाव घालून सांगा. काही मुलं लहान असतात, ती चुकतील.